दाढेतली लॉरी

मुंबईहून कायमचा परत आलेला पुरुष घरात ठेवायचा कुठं, हे जनीला दिवाळी जाऊन पौष आला तरी उमगेना.

शिमग्याला येणारा भागोजी तिच्या ओळखीचा होता. तो पाहुण्यासारखा यायचा, ओटीवर बसून लोकांना मुंबई सांगायचा, कोंबडं खायचा आणि पालखी देवळात परतली की बोट गाठायला निघायचा. आता आलेला हा कुणी दुसराच होता. तो जायचं नावच घेईना. गिरणीत नवी यंत्रं आली, माणसं कमी केली, त्यात हा गळला. ओटीवर बसला की नेमका तिच्या भात पाखडायच्या जागेत बसायचा. पडवीत बसला की गोठ्याच्या वाटेत. फणसाखाली बसला तर पातेरा झाडायचा खोळंबा. ती केरसुणी घेऊन आली की तो पाय वर घ्यायचा. घराला याचा उपयोग तेवढाच, पाय चांगले वर घेता येतात, असं ती शेजारणीला सांगायची, आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची.

येताना त्यानं एक पत्र्याची पेटी आणली होती, एक पाना आणि एक तेलाची बुधली. बुधलीला बगळ्यासारखी लांब चोच. बूड दाबलं की चोचीतून थेंबभर तेल पडे. ती त्यानं माजघराच्या खुंटीला टांगली, जिथं जनीची कोयती टांगलेली असायची. कोयती तिनं निमूट खाली ठेवली. मात्र त्या दिवसापासून बुधलीकडं बघायची तिची नजर सवतीकडं बघायची होती.

वाडीत त्याला फिटर म्हणत. कधीतरी शिमग्यात कुणीसं विचारलं होतं, गिरणीत काय करतोस, आणि त्यानं काहीतरी म्हटलं होतं. तेव्हापासून फिटर. खोताच्या घरीसुद्धा फिटर. जनीनं मात्र तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. फिटर माणसाच्या हाताला चिरा असतात, नख काळंनिळं असतं, हे तिनं लोहाराच्या हातावरून ताडलं होतं. भागोजीचे हात आपले मऊ, गुळगुळीत, तेलात मुरलेल्या लोणच्यासारखे. पहिल्याच वर्षी ती समजून चुकली होती. पण समजलेलं सगळं बोलून टाकायचं, तर बाईमाणसाजवळ राहतं काय?

आता लॉरीचं सांगते.

तीन वर्षांमागं आप्पा खोताच्या भास्करनं मुंबईहून एक जुनी लॉरी आणली. आंब्याच्या करंड्या खाडीवरच्या धक्क्याला न्यायच्या, असा बेत. भास्कर स्वतः चालवायचा, डोळ्यांना काळा चष्मा लावून. वैशाखात एक दिवस कातळसड्यावरच्या वाटेचा त्याला कंटाळा आला आणि त्यानं लॉरी सरळ शेतातून घातली. त्याच दुपारी वळवाची सर आली. लॉरी बसली ती जनीच्या दाढेत. दाढ म्हणजे भाताचं रोप तयार करायचा तुकडा. घराजवळ, सपाट, तळहाताएवढा. पण वर्षाचं सगळं भात आधी तिथं उगवतं, मग उपटून खाचरांत लावायचं. त्या तुकड्याच्या बरोबर मधोमध लॉरी चाकं रुतवून बसली. चार बैल जुंपून ओढली तर जू मोडलं. भास्कर म्हणाला, पावसानंतर बघू. पावसानंतर तो वकिलीला पुण्याला गेला, तो तिकडचाच झाला.

दाढेत अडकलेल्या सुपारीसारखी लॉरी तिथं राहिली. जनी तिच्या भोवतीनं राब भाजायची, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा पसरून जाळायची, भोवतीनं पेरायची. खालच्या जमिनीत तेल उतरलं, तिथं गवतसुद्धा धरेना. दर साल रोप कमी पडायचं आणि दर साल जनी पदर पसरून दुसऱ्याच्या बांधावर उभी राहायची. उरलेलं रोप मागणाऱ्या बाईकडं लोक कसे बघतात, ते तिला पाठ झालं होतं.

यंदा आप्पा खोतांनी वेगळंच काढलं. माघात तिला बोलावून घेतलं. आप्पा झोपाळ्यावर बसलेले, ती खाली अंगणात उभी. ते सुपारी कातरत म्हणाले की खाचरं निम्मी पडीक राहतात, तुझ्यानं होत नसेल तर जमीन धोंडूला लावतो. जनी म्हणाली, दाढेतली लॉरी काढा, मग पडीक राहिली तर बोला. आप्पांनी अडकित्ता थांबवला.

"लॉरी काढ की. तुला नको कोण म्हणतंय? पण मोडता कामा नये हो. वस्तू आमची आहे. नि तुझा नवरा फिटर ना गो? का नुस्ता बसवून ठेवायला आणलायस?"

खोतांच्या मागंपुढं करणारा धोंडू झोपाळ्यामागं उभा होता, तो हसला. मिरगाच्या आत दाढ साफ होऊन राब भाजलेला दिसला पाहिजे, नाहीतर जमीन धोंडूची, असं आप्पांनी ठरवूनच टाकलं.

घरी येऊन तिनं हे सगळं सांगितलं ते मडक्याला, चुलीला आणि मांजरीला. भागोजी ओटीवर बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी उजाडता तो खुंटीवरची बुधली काढून दाढेकडं गेला.

जनीला वाटलं, चला, निदान ओटी मोकळी झाली.

लॉरीची अवस्था काय सांगावी. पत्र्याला हात लावला की गेरूसारखी लाल भुकटी हाताला. हौद्याच्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या, सीटमधून घाणेरीचं झुडूप वर आलेलं, टायरांच्या चिंध्या. भागोजी पहिला दिवसभर नुसता भोवती फिरला. देवळाला प्रदक्षिणा घालतात तसा. वाटेनं जाणारे येणारे थांबायचे आणि विचारायचे, काय फिटर, निघाली का मुंबईला? तो म्हणायचा, बघताव.

मग त्यानं एकेक वस्तू सोडवायला घेतली. पाना एकच, तोही एका बाजूनं घासलेला. सुटलेला प्रत्येक खिळा, प्रत्येक चाकी तो कुड्याच्या पानावर ठेवायचा, पानावर दगड, आणि पानांची रांग. कुठून काय निघालं ते ध्यानात राहावं म्हणून. एक चाकी कोंबडीनं उचलून गिळली. मग दिवसभर भागोजी कोंबडीच्या मागं. जनी भात कांडता कांडता ते बघत होती. गिरणीचा फिटर कोंबडीच्या ढुंगणाकडं बघत चाललाय, हे तिनं अख्ख्या वाडीला ऐकवलं. चाकी मिळाली संध्याकाळी. धुऊन त्यानं ती पुन्हा पानावर ठेवली.

यंत्र गच्च धरलेलं होतं. पुढं हँडल घालून फिरवायचं, ते तसूभरही हलेना. लोहार येऊन बघून गेला. म्हणाला, ह्येचं आता विळेच होतील. भागोजीनं यंत्राच्या माथ्यावरच्या चारही भोकांत बुधलीची चोच घातली आणि तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेल मागायला तो घरात आला तेव्हा जनीनं त्याला खोबरेल दिलं नाही. दिव्याचं उंडीचं तेल दिलं, तेही गाळाचं. सकाळी उठायचं, तेल घालायचं, हँडलला हात लावायचा, हललं नाही की निमूट दुसऱ्या कामाला लागायचं. ना चिडणं, ना शिवी. पोराला औषध पाजावं तसं. जनीला त्याच्या या शांतपणाची सगळ्यात जास्त चीड येई. बावीस वरसं हिनं एकटीनं नांगर धरायला माणसं शोधली, लावणीला वाकली, गुरं ओढली, तेव्हा ह्याची ही माया कुठं होती? माया होती ती गिरणीच्या चाकांवर. आता खोताच्या भंगारावर.

एक दिवस ती सुकट काढायला चुलीवर टांगलेल्या उतवाच्या फळीवर हात घालते, तर हाताला चार लाकडी ठोकळे लागले. विटेपेक्षा लहान, डोक्याला पितळी बोंडं. तिनं विचारलं हे काय. भागोजी म्हणाला, त्यातनं ठिणगी निघते, पावसानं दमट झालेत, ऊब दिली तर जगतील. शेकायचं मात्र नाही, आतलं मेण वितळेल. जनी म्हणाली, माझ्या सुकटीला मोटारीचा वास लागला तर तुलाच खायला घालीन. ठोकळे तिनं काढून फेकले नाहीत. भाकऱ्यांच्या वेळी जाळ मोठा झाला की ते उचलून वरच्या तुळईवर ठेवायची आणि चूल निवली की पुन्हा खाली. हे तिनं त्याला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी आले. आणि त्यांच्याबरोबर खरं काय तेही आलं.

खेळे दारोदार फिरतात तेव्हा कुणाचं तरी सोंग काढतात, आणि ज्याचं काढतात त्यानंच खेळ्यांना पोस्त घालायचं, नारळ द्यायचा, ही रीत. त्या साली धोंडूनं लॉरी काढली. चार गड्यांनी कमरेभोवती करंड्या बांधल्या, पुढच्यानं तोंडानं भुर्र केलं, आणि मागून एक जण केळीचं सोपट बुधलीसारखं धरून प्रत्येकाच्या ढुंगणात तेल घालत होता. अंगणात अख्खी वाडी लोटली. भागोजी ओटीच्या खांबाला टेकून उभा.

"फिटर न्हव गं बाय," धोंडूनं फाक टाकली, "ह्यो तर तेलवाला! दुसऱ्याच्या चाकाला तेल लावला, घरचा गाडा गंजून गेला!"

लोक हसले ते जनीकडं बघून. गंजलेला गाडा कोण, ते काही कुणाला समजावून सांगायला नको होतं. भागोजीनं मान खाली घातली. तेव्हा तिनं पहिल्यांदा पाहिलं की त्याच्या मानेवरचे केस पिकलेत.

ती आत गेली. नारळांच्या ढिगातून एकेक उचलून कानाशी हलवला. पाणी वाजणारे बाजूला ठेवले. एक अजिबात वाजेना, तो सुपात घालून, वर चिमूटभर कुंकू लावून, मानानं बाहेर आणला आणि धोंडूच्या हातात दिला. रीतीप्रमाणं नारळ तिथंच फोडायचा. धोंडूनं पायरीवर आपटला. आतून काळं, नासकं खोबरं निघालं आणि असा वास सुटला की पुढचे दोन खेळे मागं सरले. हसणं आवरायच्या आत वाडी दुसऱ्या बाजूनं हसली.

"मी तरी काय करू?" जनी म्हणाली. "भायेरनं सगळे सारखेच दिसतात."

रात्रीच्या जेवणात तिनं भागोजीला मात्र नेहमीपेक्षा जास्त वाढलं आणि वरून सुनावलं की उद्यापासून उंडीचं तेल संपलंय, खोबरेल घेऊन जा, डोक्याला लावायला मला केस तरी कुठं राहिलेत.

चैत्र लागला. गावोगाव राब भाजायला सुरुवात झाली. शेणी, टाहाळ, पातेरा पसरून वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या तोंडाकडून पेटवायचं. चहूकडं धुराच्या वाती उठू लागल्या. जनीचा राबाचा ढीग दाढेच्या कडेला रचून तयार, आणि मधोमध लॉरी. वाटेनं जाणारा धोंडू ढिगाकडं बघून म्हणायचा की वैनी, एवढं गोळा केलंत, बरं झालं, मला गोळा करायला नको.

त्याच दिवसांत हँडल हललं. बोटाच्या पेराएवढं. भागोजी धावत घरी आला आणि दारात उभा राहून सांगू लागला. जनी कोंबड्यांना कणी घालत होती. ती म्हणाली, पेरभर हललं, म्हणजे संगमेश्वराला पोचायला तुझा नातू लागेल. पण त्या दिवसापासून हँडल रोज थोडं जास्त फिरू लागलं. शेवटी पुरा फेरा. मऊ, घोटून घोटून.

मग अडलं ते टाकीशी. सीटखालची तेलाची टाकी आतून गंजानं भरलेली. कितीही खडे घालून खळखळवली तरी लाल पाणी सुटायचं थांबेना. भागोजीनं डोकं चालवलं. जनी पितळी भांडी कशानं घासते? आमसुलानं. कशी लखलखतात! घरात कुणी नसताना त्यानं फडताळातली आगळाची बरणी उचलली. वर्षभराच्या कढीसाठी जनीनं काढून ठेवलेला कोकमाचा रस. अख्खी बरणी टाकीत ओतली.

दोन दिवसांनी टाकी उलटी केली तर आत चांदी. त्यानं जनीला हाताला धरून न्यायला कमी केलं नाही. तिनंही वाकून पाहिलं, तोंड वाकडं केलं, पण पाहिलं. बरणीचं तिला अजून ठाऊक नव्हतं. दुसऱ्या सकाळी भागोजीनं टाकीत डोकावलं आणि तो मटकन बांधावर बसला. आत पहिल्यापेक्षा लालभडक गंज. शेंदूर फासावा तसा.

एवढ्यात घरातून जनीची हाक आली. फडताळ तिनं उघडलं होतं. ती बाहेर आली, रिकामी बरणी एका हातात. टाकीत बघितलं, बरणीत बघितलं, मग नवऱ्याकडं.

"मीठ असतं रे त्यात," ती म्हणाली. "आगळात पायलीभर मीठ घालतात, म्हनून टिकतं. खारं पानी लोखंडाला घालतोस? खाडीकडच्या मानसाला ह्ये कळत न्हाय? येवडी वरसं मुंबैत काय समुद्र बघितलास न्हाय?"

आणि ती जी हसत सुटली ती तिला आवरेना. लग्न झाल्यापासून भागोजीसमोर ती एवढी कधी हसली नव्हती. पदर तोंडात कोंबून, बांधाला टेकून हसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी. वर्षाचं आगळ गेलं होतं, जमीन जायला आली होती, आणि हा माणूस मिठाच्या पाण्यानं लोखंड धूत होता.

त्यानंतर भागोजी दोन-तीन दिवस दाढेकडं फिरकला नाही. पुन्हा ओटीवर बसला. ती झाडायला आली की पाय वर. जनीनं एक दिवस सोसलं, दुसऱ्या दिवशी सोसलं. तिसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन रानात गेली. कोकमाचे रातांबे नुकते पिकू लागले होते. लाल, टप्पोरे. घरी आणून फोडले, बिया काढल्या आणि दाबून दाबून निव्वळ रस काढला. मिठाचं मडकं हाताशी होतं, त्याला हात लावला नाही. मनगटापर्यंत लाल झालेल्या हातांनी तिनं रसाचं मडकं त्याच्या पुढ्यात आदळलं.

"ह्यो घाल. रात्रभर ठेवायचा न्हाय, नासतो. मंग राखेच्या पान्यानं धू, म्हंजे आंबटपना मरंल. मंग कातळावर उनात पालथी घाल. नि आतनं तेल फिरव. तेल तरी तुला येतं घालता."

भागोजीनं मडकं उचललं. जायला वळला आणि थांबला.

"तुला पयल्यापास्नं म्हायती व्हतं?" त्यानं विचारलं. "तेलवाल्याचं?"

"हात हायत ना तुला," जनी म्हणाली, आणि बियांवर राख टाकायला वळली.

टाकी साफ झाली. टायरांच्या जागी भागोजीनं चाकांवर सुंभ गुंडाळलं, ओलं करून, ताणून, एकावर एक थर. दोन कुजलेल्या आऱ्या ऐनाच्या बसवल्या. त्या इतक्या वेड्यावाकड्या होत्या की जनी म्हणाली, चाक लंगडं म्हणून देवाला सोडलंय का. चाकं रुतलेली जमीन पहारीनं फोडायला मात्र ती त्याच्या शेजारी उभी राहिली. कारण जमीन फोडायचं काम त्याला येत नव्हतं. चार घावांत धाप लागायची. तिचा घाव बरोबर चाकाशेजारी पडायचा, चाकाला न लागता. ती फोडायची, तो माती उपसायचा. वाटेवरून बघणाऱ्यांना वाटावं, नवरा-बायको मिळून थडगं खणतायत.

संगमेश्वराला मोटारी थांबतात तिथं भागोजी जाऊन बसू लागला. ड्रायव्हर लोक पायानं काय करतात ते बघायचं. त्यांनी त्याला पाणी आणायला लावलं, काच पुसायला लावली, हसले, आणि शेवटी एकानं बाटलीभर पेट्रोल दिलं. पायाखाली तीन पट्ट्या असतात, एक पुढं जायची, एक मागं जायची, एक थांबायची, एवढं शिकून तो बाटली छातीशी धरून घरी आला.

मिरग तोंडावर आला होता. आभाळ दुपारचं भरून यायचं आणि पुन्हा उतरायचं. वाडीत सगळ्यांचे राब भाजून झाले होते. एक जनीचा राहिला होता.

त्या सकाळी भागोजीनं उतवावरचे ठोकळे नेऊन जागी बसवले. हँडल मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. बांधावर माणसं जमली, धोंडू सगळ्यांत पुढं. भागोजीचा सदरा पाठीला चिकटला. कुणीतरी म्हणालं, नारळ फोडा, पण शिमग्यासारखा नासका नको हो. तेवढ्यात लॉरी शिंकली. मागून काळा धूर सुटला, घाणेरीची उरलीसुरली पानं झडली, आणि सगळं धूड मलेरियाच्या रोग्यासारखं थडथडायला लागलं. बांधावरची माणसं दोन पावलं मागं गेली. जनीची शेळी दावं तोडून पळाली.

भागोजी वर चढला. पुढं जायची पट्टी दाबली. यंत्र ओरडलं, लॉरी जागची हलली नाही. पुन्हा दाबली. आत नुसतं सूं सूं. लोक हसायला लागले. भागोजीचा चेहरा राखेसारखा झाला. बाटलीभर पेट्रोल जळत होतं, आणि ते जळून गेलं की सगळंच संपलं. त्यानं घाबरून मधली पट्टी दाबली, आणि लॉरी हिसका देऊन मागं सरकली.

मागची कळ शाबूत होती. ती वापरली होतीच कुणी? भास्करला कधी मागं येता आलं असतं तर लॉरी दाढेत बसलीच नसती.

पण मागं दिसेना. हौद्याच्या फळ्या आड. भागोजीनं मान बाहेर काढून जनीकडं पाहिलं. हाक नाही, खूण नाही, नुसतं पाहिलं. जनीनं पदर कमरेला खोचला आणि लॉरीच्या मागं जाऊन, तिच्याकडं तोंड करून, उलट्या पावली चालू लागली. बिथरलेल्या बैलाला धरावं तशी.

"जेवत्या हाताला," ती ओरडली. दोघांची तोंडं एकाच दिशेला होती, म्हणून तिचा जेवता हात तोच त्याचा. लॉरी उजवीकडं कलली. "बास. सरळ ये. सरळ. दगड हाय, सोड त्याला. जेवत्या हाताला जरा."

चाकं खड्ड्यातून वर आली. सुंभ करकरलं. लॉरी ढेंगा टाकत बांधाच्या खिंडीतून बाहेर पडली आणि दाढेच्या मधोमध काळा चौकोन उघडा पडला. जनीनं तो एकदाच पाहिला आणि नजर पुन्हा चाकांवर आणली.

खिंडीच्या पुढं वाट फुटते. भागोजीच्या जेवत्या हाताला सड्याच्या कडेची ओसाड जागा, तिथं लॉरी नेऊन ठेवायचं दोघांत ठरलं होतं. डाव्या हाताला उतरती दगडी वाट, पाखाडी, थेट आप्पा खोतांच्या दगडी गडग्यापर्यंत, त्यांच्या बेड्यापर्यंत. बेडं म्हणजे गडग्यातलं लाकडी फाटक. गाडी, गुरं, पाहुणे, सगळं तिथूनच जातं-येतं. दुसरी वाट घराला नाही.

भागोजी वाट बघत होता. यंत्र धापा टाकत होतं. जनीनं सड्याकडं पाहिलं, धोंडूकडं पाहिलं.

"डाव्या हाताला," ती म्हणाली.

क्षणभर त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं. मग चाक डावीकडं वळवलं.

पाखाडीवरून लॉरी गेली ती तिच्या मनानं गेली. जनी पुढं पळत होती, मागं वळून ओरडत होती, आणि तिच्यामागं लॉरी ढुंगण पुढं करून येत होती. खोतांच्या दारातली कुत्री पळाली. बेड्याच्या तोंडाशी लॉरी आडवी झाली, गडग्याच्या दगडाला टेकली, दोनदा हुंदका दिला आणि बंद पडली. टाकी रिकामी. वेडीवाकडी आरी तिथंच मोडली आणि ते चाक खाली बसलं. बैठक मारून बसलं.

आप्पा खोत झोपाळ्यावरून उठून आले. एक हात हौद्याच्या फळीवर ठेवला, फळीची भुकटी हाताला लागली, हात झटकला. फाटकातून बाहेर यायला वाट नव्हती म्हणून आतूनच बोलत राहिले. हे काय आहे, काढा इथून, ताबडतोब काढा.

"वस्तू तुमची, आप्पा," जनी म्हणाली. तिला अजून धाप लागली होती. "मोडू नका म्हणालात. घरापर्यंत आनून दिली."

आप्पांचा आवाज उतरला. मागं सगळी वाडी उभी होती. त्यांनी भागोजीकडं वळून, समजुतीनं, फिटर, अरे फिटर, असं करत विचारलं की निदान बाजूला तरी घेशील की नाही, संध्याकाळी पाहुणे यायचेत.

भागोजी खाली उतरला. बुधली त्याच्या हातात होती. तिची चोच त्यानं सदऱ्याला पुसली.

"मी फिटर न्हाय, आप्पा," तो म्हणाला. "मी तेलवाला. धोंडूला इचारा. फिटर तुमाला मुंबैस्न आनावा लागंल."

धोंडूला आप्पांनी विचारलं नाही. त्या संध्याकाळी खोतांचे पाहुणे गडग्यावरून चढून आत गेले, एक बाई तर धोंडूच्या खांद्यावर पाय देऊन, असं वाडीत पुढं कितीतरी दिवस सांगत होते. जनीनं ते पाहिलं नाही. तिला वेळ नव्हता.

ती दाढेत होती. राब पसरत होती. शेणी, वर टाहाळ, वर पातेरा, वर चाळलेली माती. भागोजी टोपल्या भरून आणत होता आणि चुकीच्या जागी ओतत होता. ती शिव्या देत पुन्हा पसरत होती. आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं तेव्हा तिनं वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून काडी ओढली. टाहाळ ओला होता, पेटेना. दुसरी ओढली. तीही विझली. तिनं मागं हात केला, आणि भागोजीनं बुधली तिच्या हातात दिली. चोच खाली धरून तिनं बूड दाबलं. थेंब, थेंब, सगळ्या कडेनं.

राब पेटला. आग सरकत सरकत मधल्या काळ्या चौकोनावर आली. तीन वर्षं तेल प्यालेली माती ती. तिथं ज्वाळ कमरेएवढी उठली आणि बाकीचा राब राख होऊन निवला तरी तेवढा चौकोन जळत राहिला.

दोघं बांधावर बसून बघत होती. भागोजी राखेनं माखलेला, तिच्या राबाच्या टोपलीवर बसलेला. उठ म्हणायचं तिच्या तोंडावर आलं होतं. ती म्हणाली नाही. जाताना तिनं बुधली उचलली, घरी नेऊन खुंटीला टांगली, आणि जमिनीवर ठेवलेली कोयती उचलून त्याच खुंटीला, तिच्यावरून, अडकवली.

"तेलवाल्यानू," तिनं आतून हाक मारली, "हात धुवून या. आनि राखेनं धुवा, नुस्त्या पान्यानं न्हाय जायाचं ते."